सोलापूरचा 'र' कुठं गेला? ओपन सोर्सला चांगला पॅच कसा पाठवायचा

आमच्या काकांचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा छोटा कारखाना आहे, तिथं पार्सलवर चिकटवायची लेबलं छापायला मी त्यांना एक ओपन सोर्स प्रोग्राम टाकून दिला होता, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही बघता येतो आणि बदलता येतो असा. नाव-गाव भरा, बारकोड येतो, थर्मल प्रिंटरवर छापा, काम झालं. पुण्याची लेबलं नीट यायची, मुंबईची नीट, नांदेडची पण नीट. मग एक दिवस गावातल्याच एका दुकानाचं पार्सल निघालं आणि लेबलवर छापून आलं 'सोलापू' आणि त्याच्या पुढं एक रिकामा चौकोन. काकांचा लगेच फोन, "काय बे, ह्या मशीनला आपल्या गावाचं नाव लिहायला येईना होय?"

त्या एका 'र'च्या मागं लागून मी आयुष्यातला पहिला पॅच पाठवला. तो एकदा परत आला, एकदा मीच मागं घेतला आणि तिसऱ्यांदा घेतला गेला, आणि त्या तीन खेपांत मला जे कळलं ते कॉलेजात चार वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून इथल्या पोरापोरींसाठी हे सगळं एकदा नीट लिहून काढतोय.

आधी पॅच म्हणजे काय ते बघू. शब्दाचा अर्थ ठिगळच, आणि तो खराखुरा ठिगळावरूनच आलाय. जुन्या काळी प्रोग्राम पंच कार्डावर किंवा कागदी पट्टीवर भोकं पाडून ठेवायचे, चूक सापडली की तेवढा तुकडा कापून तिथं दुरुस्त तुकडा चिकटवायचे. आपल्याकडं ज्यांनी चादरीचा माग बघितलाय त्यांना हे सांगायची पण गरज नाही, जेकार्डवर डिझाइनचे पुठ्ठे चढवतात, भोक असेल तिथं दोरा उचलला जातो, नसेल तिथं नाही, आणि एका पुठ्ठ्यात एक भोक चुकलं की अख्ख्या चादरीवर तीच चूक परत परत उमटत राहते. सोलापुरी चादरीवरचा मोर आणि कॉम्प्युटरचं पंच कार्ड हे एकाच घराण्यातले आहेत म्हणा ना.

आता कागद नाही, आता पॅच म्हणजे एक साधी टेक्स्ट फाइल, जिच्यात लिहिलेलं असतं की अमुक फाइलमधली ही ओळ काढा आणि तिथं ही ओळ घाला. काढायच्या ओळीपुढं वजाचं चिन्ह, घालायच्या ओळीपुढं अधिकचं. आणि बदलाच्या वर-खाली प्रत्येकी तीन ओळी न बदललेल्या पण दिलेल्या असतात, त्या कशाला, तर जागा ओळखायला. म्हणजे आपण पत्ता सांगताना घर नंबर ४७ असं सांगत बसत नाही, मारुतीच्या देवळाच्या पुढं, पिठाच्या गिरणीच्या अलीकडं असं सांगतो, मधल्या काळात रस्त्यावर दोन घरं नवीन झाली तरी माणूस बरोबर पोचतो, तसंच. १९८५ मध्ये लॅरी वॉल यांनी पॅच नावाचाच एक छोटा प्रोग्राम लिहिला, तो ह्या आजूबाजूच्या ओळी बघून बदल बरोबर जागी बसवायचा, आणि त्यामुळं जगाच्या दोन टोकांना बसलेल्या माणसांना अख्खा प्रोग्राम न पाठवता नुसता बदल पाठवता यायला लागला. २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स ह्या ऑपरेटिंग सिस्टीमसाठी गिट लिहिलं, कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारा प्रोग्राम, आज बहुतेक ठिकाणी त्यावरच काम चालतं. कुठं बटण दाबून पुल रिक्वेस्ट, म्हणजे माझा बदल घ्या अशी विनंती, करायची असते, लिनक्स कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, अजून ईमेलनं पॅच जातात, रीत वेगळी पण आतली वस्तू तीच.

आता आपल्या 'र'कडं येऊ, कारण चांगला पॅच कोड लिहिण्यापासून सुरू होतच नाही, चूक नेमकी काय आहे हे कळण्यापासून सुरू होतो, आणि बहुतेक नवीन माणसं इथंच घाई करतात.

मी आधी सगळ्या गावांची नावं टाकून बघितली. पुणे, मुंबई, नांदेड बरोबर. सोलापूर, कोल्हापूर चूक. इंग्रजीत लिहिलं की सगळी बरोबर. कॉम्प्युटर अक्षरं साठवतो बाइटमध्ये, आणि यूटीएफ-८ नावाच्या पद्धतीत इंग्रजीचं एक अक्षर एका बाइटमध्ये मावतं, पण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, आणि चिन्ह म्हणजे मात्रा, काना, अनुस्वार सगळे वेगवेगळे मोजायचे. आपण 'सोलापूर' वाचताना चार अक्षरं म्हणतो, सो-ला-पू-र, पण कॉम्प्युटरला ती सात चिन्हं दिसतात, स, त्याची ओकाराची खूण, ल, काना, प, दीर्घ ऊकार, र. सात त्रिक एकवीस बाइट. आणि त्या प्रोग्राममध्ये कुणीतरी लिहून ठेवलं होतं की गावाचं नाव २० बाइटवर कापा. म्हणजे एक बाइट कमी पडला. 'र'चे तीनातले दोनच बाइट उरले आणि दोन बाइटचा 'र' नसतोच, म्हणून तो चौकोन. पुणे १२ बाइट, मुंबई १५, नांदेड १८, म्हणून ती सुटली. कोल्हापूर २७.

हे कळल्यावर मला इतका आनंद झाला की मी लगेच कोड उघडला, २० काढलं, ६० केलं, आणि पॅच पाठवून दिला. मेसेजमध्ये लिहिलं, मराठी नावांचा प्रॉब्लेम सोडवला. बस एवढंच.

चार दिवसांनी मेंटेनरचं उत्तर आलं. मेंटेनर म्हणजे तो प्रोजेक्ट सांभाळणारा माणूस, आलेला प्रत्येक पॅच घ्यायचा की नाही हे तो ठरवतो, आणि घेतल्यावर त्यात काही मोडलं तर लोक त्यालाच धरतात. त्यानं एकच प्रश्न विचारला होता, की तिथं २० का होतं हे बघितलं का.

नव्हतं बघितलं. तुम्ही ही चूक करू नका. गिटमध्ये ब्लेम नावाची सोय आहे, नाव जरा वाईट आहे पण काम फार चांगलं, कुठलीही ओळ कुणी कधी आणि कोणत्या बदलात घातली ते ती सांगते, आणि त्या बदलासोबतचा मेसेज पण दाखवते. मी लावून बघितलं तर सहा वर्षांपूर्वीचा बदल सापडला, त्यात लिहिलं होतं की गावाचं नाव फार लांब असलं की ते बारकोडच्या पट्ट्यांवर चढतं आणि स्कॅनर बारकोड वाचत नाही, म्हणून २० वर कापतोय. म्हणजे २० हा आकडा उगाच नव्हता, त्यानं कुणाचातरी खरा त्रास सोडवला होता, आणि माझा ६० तो त्रास परत आणणार होता, फक्त माझ्याकडं नाही, दुसऱ्याच कुणाच्यातरी गोदामात. दुसऱ्याच्या शेतातला बांध हलवायच्या आधी तो तिथं का घातलाय हे विचारतात, कोडचं पण तसंच आहे, विचित्र दिसणारी ओळ बऱ्याचदा कुणीतरी ठेच खाऊन लिहिलेली असते.

मग दुसरा पॅच. ह्यावेळी मी मर्यादा २० च ठेवली, पण कापायच्या जागी बघायचं की आपण एखाद्या चिन्हाच्या मधोमध तर आलो नाही ना, आलो असू तर मागं सरकून त्या चिन्हाच्या आधी कापायचं. यूटीएफ-८ मध्ये हे सोपं आहे, मधल्या बाइटची ठेवणच वेगळी असते, बघितल्या बघितल्या ओळखू येतो. चौकोन गेला. मी खूश होऊन पाठवला पण, आणि संध्याकाळी कारखान्यात जाऊन लेबल छापून दाखवलं तर दिवाणजी म्हणाले, "मालक, हे अजून सोलापूच हाय की." बरोबर होतं त्यांचं. चौकोन गेला पण 'र' काही आला नव्हता. मी प्रोग्रामची चूक सोडवली होती, माणसाची अडचण तशीच होती. मी स्वतःच कळवलं की हा पॅच घेऊ नका, अपुरा आहे, आणि का ते लिहिलं. हे कळवायला संकोच वाटू देऊ नका, स्वतःहून चूक सांगणाऱ्याचा पुढचा पॅच मेंटेनर जास्त विश्वासानं वाचतो, मला तरी तसाच अनुभव आला.

तिसऱ्यांदा मी कोड लिहायच्या आधी विचारलं. खरा प्रश्न बाइटचा पण नाही आणि चिन्हांचा पण नाही, खरा प्रश्न लेबलवरच्या जागेचा आहे, म्हणजे नाव बारकोडवर चढू नये एवढंच पाहिजे, तर आपण नाव किती मिलिमीटर जागा घेतंय ते मोजून का कापू नये? माझ्या डोक्यात त्यासाठी एक मोठी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड, आणायची होती. मेंटेनरनं सांगितलं की नवीन लायब्ररी नको, प्रत्येक नवीन लायब्ररी म्हणजे कायमचं पोसायचं खातं, तिच्यात उद्या चूक निघाली की आपल्याला धावावं लागतं, पण लेबलवर अक्षरं काढायला प्रोग्राम आधीपासून जी लायब्ररी वापरतोय तिलाच रुंदी विचारता येते. ते मला माहीतच नव्हतं. त्या एका ओळीच्या उत्तरानं माझं आठवड्याचं काम वाचलं, आणि शेवटी जो पॅच झाला त्यात चौदा ओळी गेल्या आणि अकराच आल्या. कोड कमी करून चूक दुरुस्त करणारा पॅच बघून मेंटेनरला जो आनंद होतो तो सांगून कळणार नाही.

म्हणून मोठं काही करायचं असेल तर आधी विचारा. एखादी दोन ओळींची सरळ चूक असेल तर थेट पॅच पाठवला तरी चालतो, पण नवीन फीचर, मोठी फेरफार, फाइली इकडच्या तिकडं, असलं काही असेल तर महिनाभर घरात बसून करू नका, चार ओळीत लिहा की मला हे असं करायचंय, तुम्हाला चालेल का. आणि विचारायच्या आधी जुन्या तक्रारी शोधून बघा, बऱ्याचदा तीच अडचण आधी कुणीतरी सांगितलेली असते आणि तिथंच लिहिलेलं असतं की हे का करायचं नाही. प्रोजेक्टमध्ये योगदान कसं द्यायचं ह्याची एक फाइल बहुतेक ठिकाणी असते, ती आधी पूर्ण वाचा, दहा मिनिटं लागतात.

आता पॅचचं आतलं बघू. सगळ्यात महत्त्वाचा नियम, एका पॅचमध्ये एकच गोष्ट. मी 'र' दुरुस्त करताना मला त्याच फाइलमध्ये एका कॉमेंटमधलं स्पेलिंग चुकलेलं दिसलं, दोन ठिकाणी स्पेस वाकड्या होत्या, एका व्हेरिएबलचं नाव आवडलं नाही, आणि हात शिवशिवत होते की जाता जाता हे पण करून टाकू. करायचं नाही. वेगळा पॅच करायचा. का ते सांगतो. वाचणारा माणूस अकरा ओळी लक्ष देऊन वाचतो, पण त्यात साठ ओळी नुसत्या स्पेसच्या मिसळल्या की खरा बदल त्या गर्दीत हरवतो, गड्ड्याच्या जत्रेत लहान पोराचा हात सुटावा तसा, आणि चुका अशाच गर्दीतून आत शिरतात. तुमचा एडिटर फाइल सेव्ह करताना आपोआप सगळं फॉरमॅट करत असेल तर ते बंद करा, नाहीतर तुम्ही एक ओळ बदलली आणि पॅच चारशे ओळींचा निघाला असं होतं.

दुसरं कारण जरा खोल आहे. गिटमध्ये बायसेक्ट नावाची सोय आहे. समजा गेल्या वर्षी प्रोग्राम चालत होता, आज चालत नाही, आणि मधे हजार बदल झालेत, तर कुठल्या बदलानं मोडलं? बायसेक्ट मधला बदल काढून देतं, चालतंय का बघा, चालत असेल तर चूक पुढच्या अर्ध्यात, नसेल तर मागच्या अर्ध्यात, परत त्याचं अर्ध, परत अर्ध, असं करत हजारातला गुन्हेगार दहा खेपांत सापडतो. पण हे कधी चालतं, तर प्रत्येक बदल एकटा उभा राहू शकत असेल, म्हणजे प्रत्येक पायरीवर प्रोग्राम कंपाइल होत असेल, कोडपासून चालणारा प्रोग्राम तयार होत असेल, तरच. तुम्ही पाच पॅचची माळ पाठवली आणि त्यातला तिसरा अर्धवट असला, पाचवा आल्यावरच सगळं चालणार असलं, तर मधेच शोधणारा माणूस तिथं अडकतो. आणि बदल छोटे असतील तर सापडलेला गुन्हेगार अकरा ओळींचा असतो, मोठे असतील तर दोन हजार ओळींचा, मग त्यात परत शोधा.

तिसरी गोष्ट, जिथं जाल तिथल्यासारखं लिहा. लिनक्स कर्नलमध्ये टॅब आठ अक्षरांचा असतो, पायथॉनच्या जगात चार स्पेस, कुठं कंस त्याच ओळीत, कुठं पुढच्या. तुम्हाला काय आवडतं ह्याला तिथं अर्थ नाही. आपण दुसऱ्याच्या घरी जेवायला गेलो की त्यांच्या पंगतीच्या पद्धतीनं बसतो, तसं. कर्नलमध्ये तर तुमचा पॅच तपासायला एक स्क्रिप्टच दिलेली आहे, पाठवायच्या आधी ती चालवायची, आणि कुणाला पाठवायचा हे सांगणारी दुसरी स्क्रिप्ट पण आहे.

आता मेसेज, आणि इथं मी जरा जास्त वेळ थांबणार आहे कारण माझ्या मते कोडपेक्षा हा भाग मोठा आहे. पॅचसोबत जो मजकूर जातो तो कायमचा इतिहासात राहतो, त्या सहा वर्षं जुन्या मेसेजनंच मला बारकोडची गोष्ट सांगितली होती, तो नसता तर माझा चुकीचा पॅच कदाचित घेतला गेला असता. कोडमध्ये काय बदललं ते कोड वाचून दिसतंच, का बदललं ते फक्त तुम्हाला माहीत असतं. रीत अशी की पहिली ओळ छोटी, पन्नासेक अक्षरांत, आज्ञार्थी, म्हणजे मी असं केलं असं नाही, असं कर असं. मग एक रिकामी ओळ. मग खाली सगळं सविस्तर. मेसेज इंग्रजीत लिहायचा असतो, पण अर्थ समजायला माझा तिसऱ्या खेपेचा मेसेज मराठीत सांगतो.

"लेबल: गावाचं नाव बाइट न मोजता रुंदी मोजून काप.

गावाचं नाव बारकोडवर चढू नये म्हणून ते २० बाइटवर कापलं जातं. पण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, त्यामुळे 'सोलापूर' हे २१ बाइटचं नाव कागदावर भरपूर जागा असूनही कापलं जातं आणि शेवटचं अक्षर तुटतं. छापायची रुंदी मोजून काप. बारकोडवर न चढण्याचा जुना नियम तसाच राहतो, त्याची टेस्ट जोडली आहे."

बघा, ह्यात अडचण आहे, कारण आहे, उपाय आहे, आणि वाचणाऱ्याच्या मनात जी पहिली शंका येणार तिचं उत्तर पण आहे. इंग्रजी कसं येईल ह्याची काळजी आपल्याकडच्या पोरांना फार असते, मला पण होती. साधी छोटी वाक्यं लिहा. ओपन सोर्समधल्या कितीतरी लोकांची मातृभाषा इंग्रजी नाही, तिथं व्याकरणाचे मार्क नसतात, मुद्दा कळला पाहिजे. आणि चूक जुन्या एखाद्या बदलामुळं झाली असेल तर त्या बदलाचा नंबर पण द्या, कर्नलमध्ये त्याची ठरलेली ओळ असते आणि तिच्यात त्या बदलाच्या ओळखीची पहिली १२ अक्षरं लिहितात, म्हणजे जुन्या व्हर्जनवाल्यांना कळतं की ही दुरुस्ती आपल्याला पण लागणार.

टेस्ट. टेस्ट म्हणजे एक छोटा कोड जो तुमची दुरुस्ती चालते का हे दरवेळी आपोआप तपासतो. दुरुस्तीच्या आधी ती टेस्ट नापास व्हायला पाहिजे आणि नंतर पास, दोन्ही स्वतः चालवून बघा, नाहीतर काही न तपासणारी टेस्ट पण पासच होते. इथं सोलापूरकरांना एक गोष्ट फुकट मिळालीय. आपल्या एका बोळात मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू चारही चालतात, दिवाणजी तेलुगू बोलतात, शेजारच्या कारखान्याचे मालक कानडी, लेबल चिकटवणारा पोरगा घरी उर्दू बोलतो. मी त्यांच्याकडून गावांची नावं लिहून घेतली आणि टेस्टमध्ये घातली. कानडी आणि तेलुगू चिन्हं पण तीन-तीन बाइटची, उर्दूची अक्षरं दोन बाइटची आणि उजवीकडून डावीकडं. मेंटेनरला हे सगळं नवीन होतं, त्याच्या देशात हे त्याला कुणाकडून मिळणार? 'ऱ्या'तला तो पापणीसारखा र, 'ॲ', आपल्या पद्धतीचा 'ल' आणि 'श', जोडाक्षरं मधे तुटणं, ह्या चुका इंग्रजीत काम करणाऱ्याला कधी दिसतच नाहीत, त्या आपल्यालाच दिसतात, म्हणून त्या आपणच नेऊन दिल्या पाहिजेत.

हक्काचा विषय पण समजून घ्या, लोक तो टाळतात. तुम्ही दिलेला कोड प्रोजेक्टच्या लायसन्सखाली जातो, म्हणून तो द्यायचा तुम्हाला हक्क आहे का हे विचारलं जातं. लिनक्समध्ये २००४ पासून प्रत्येक पॅचखाली साइन्ड-ऑफ-बाय अशी ओळ आणि आपलं नाव लिहायचं असतं, त्याचा अर्थ हा कोड मी लिहिलाय किंवा मला द्यायचा अधिकार आहे, मी जबाबदार. काही प्रोजेक्ट वेगळा करार करून घेतात. तुम्ही नोकरीत असाल तर नेमणुकीचा कागद बघा, बऱ्याचदा ऑफिसच्या वेळेत लिहिलेला कोड कंपनीचा असतो.

एआयनं लिहिलेल्या कोडबद्दल पण सांगतो कारण आता सगळे तेच विचारतात. प्रोजेक्टचा नियम बघा, जेंटू नावाच्या लिनक्सनं २०२४ मध्ये तसा कोड घ्यायचाच नाही असं ठरवलं, काही ठिकाणी सांगून वापरलेला चालतो. माझं मत विचाराल तर, प्रत्येक ओळ अशी का आहे हे तुम्हाला स्वतःला सांगता येत नसेल तर तो पॅच पाठवू नका. कारण मेंटेनर प्रश्न तुम्हाला विचारणार, आणि तुम्ही ते मशीनला विचारून उत्तर चिकटवलं की दोघांचाही वेळ जातो.

ह्या वेळेचं मी परत परत सांगतोय त्याला कारण आहे. पॅच लिहायला लोक खूप आहेत, वाचायला कमी. हॅक्टोबरफेस्ट म्हणजे ऑक्टोबर महिन्यात ओपन सोर्सला पॅच द्या म्हणणारा कार्यक्रम, २०२० च्या खेपेला त्यात चार पॅच दिले की टीशर्ट मिळायचा, तर लोकांनी वर्णनात एखादं विशेषण घालून, एक शब्द बदलून असे पॅच पाठवले की मेंटेनर ते बंद करता करता थकले, शेवटी कार्यक्रम चालू असतानाच नियम बदलून ज्या प्रोजेक्टची तयारी असेल तिथलेच पॅच धरायचे असं ठरलं. आणि वाचताना एक गोष्ट नजरेतून सुटली की काय होतं त्याचं उदाहरण म्हणजे हार्टब्लीड नावाची चूक. ओपनएसएसएल ही इंटरनेटवरची माहिती कुलूपबंद ठेवणारी लायब्ररी, तिच्यात एक बदल आला, तपासून घेतला गेला, आणि मार्च २०१२ च्या व्हर्जनमध्ये बाहेर पडला. समोरचा म्हणतो मी एवढ्या लांबीचा शब्द पाठवलाय, तो मला परत पाठव, पण शब्द खरंच तेवढा लांब आहे का हे बघणारी ओळच राहिली होती. छोटा शब्द पाठवून मोठी लांबी सांगितली की सर्व्हरच्या मेमरीतलं शेजारचं काहीही, एका वेळी ६४ किलोबाइटपर्यंत, बाहेर यायचं, पासवर्ड पण. एप्रिल २०१४ पर्यंत ते कुणी जाहीर केलं नव्हतं, दोन वर्षं.

२०२४ चं एक्सझेडचं, म्हणजे फाइली दाबून लहान करणाऱ्या एका प्रोग्रामचं, प्रकरण तर अजून वेगळं. एकट्यानं सांभाळलेला प्रोजेक्ट, थकलेला मेंटेनर, आणि टोपणनावानं आलेला एक माणूस दोन-अडीच वर्षं चांगले पॅच देत विश्वास मिळवतो, त्याला अधिकार मिळतात, आणि मग तो कोडमध्ये गुपचूप आत शिरायचा चोरदरवाजा बसवतो. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या डेव्हलपरला लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय हे खटकलं म्हणून ते उघडं पडलं. त्यामुळं तुमचा साधा सरळ पॅच कुणी बारकाईनं तपासला, चार प्रश्न विचारले, तर मनाला लावून घेऊ नका, तो तुमच्यावर संशय नाही, तिथं बसलेल्या माणसाचं कामच ते आहे.

पाठवल्यावर काय करायचं? थांबायचं. आठवडाभर, दोन आठवडे. मग एकदा नम्रपणे आठवण करायची. प्रश्न आले की प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्यायचं, पटलं तर बदलायचं, नाही पटलं तर कारण सांगायचं, गप्प बसून अर्धंच बदलून परत पाठवायचं नाही. नवीन खेप पाठवताना मागच्यापेक्षा काय बदललं ते दोन ओळीत लिहा, वाचणाऱ्याला सगळं पहिल्यापासून वाचायला लावू नका. आणि नाकारला गेला तर विचारा का, बऱ्याचदा कारण पॅच वाईट आहे हे नसतं, प्रोजेक्टला त्या दिशेला जायचं नसतं.

सुरुवात कुठून करायची हे विचारणाऱ्यांना मी एकच सांगतो, रोज वापरता तिथून. अनोळखी मोठ्या प्रोजेक्टमध्ये जाऊन नवशिक्यांसाठीचं काम शोधत फिरण्यापेक्षा, ज्या प्रोग्रामनं तुम्हाला स्वतःला त्रास दिलाय त्याचा त्रास तुम्हाला सगळ्यात चांगला समजावता येतो. प्रोग्राम कसा वापरायचा ह्याच्या माहितीतली चूक दुरुस्त करणं पण पॅचच आहे, इन्स्टॉल करताना तुम्ही जिथं अडकला तिथं एक ओळ घाला, पुढचा अडकणार नाही.

माझा पॅच तीन आठवड्यांनी घेतला गेला. नवीन व्हर्जन आल्यावर मी कारखान्यात टाकून दिलं, पहिलं लेबल दिवाणजींनी छापलं, 'सोलापूर' पूर्ण आलं, काकांनी ते फाडून न टाकता ऑफिसच्या काचेवर चिकटवलंय. पण उर्दूत लिहिलेलं नाव अजून लेबलच्या चुकीच्या कडेला जातं, ते डावीकडून सुरू करतं आणि शेवट बारकोडला टेकतो. ती तक्रार मी नोंदवून ठेवलीय, कधी घडतं, कसं घडतं, लेबलचा फोटो, सगळं त्यात आहे, आणि टेस्ट पण लिहिलेली आहे जी आज चालवली तर नापास होते. लेबल चिकटवणारा पोरगा आता संध्याकाळी माझ्याकडं सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला येतो, ते काम त्याला करायचंय.